वर्णन आणि विधी : यंत्रवाचकासाठी केलेल्या लेखनाचा नैतिक प्रश्न

साहित्यविचाराने गेल्या अर्धशतकात 'वाचक' या संकल्पनेची जी चिकित्सा केली, तिच्यात एक गृहीत सहसा तपासले गेले नाही. वाचक संहितेतील रिक्त जागा भरतो, तिचे अर्थ घडवतो, मोडतो, प्रसंगी त्यांना विरोध करतो. परंतु त्याच्या वाचनाने जगात लगोलग काही उलथापालथ होत नाही, हे ते गृहीत होय. वोल्फगांग इझरचा निहित वाचक असो की लेखकाच्या मृत्यूची घोषणा करून रोलाँ बार्थने ज्याचा जन्म साजरा केला तो वाचक असो, दोघांच्याही हाती पुस्तक असते आणि पुस्तक मिटल्यावर दोघेही मोकळे असतात. ज्या संहितांचे वाचन हाच कृतीचा आरंभ असतो, उदाहरणार्थ कायद्याचे कलम, यज्ञकर्माचा ग्रंथ, औषधाच्या बाटलीवरील सूचना, त्या साहित्यविचाराने शेजारच्या ज्ञानशाखांकडे सोपवल्या. ही वाटणी सोयीची होती. परंतु अलीकडे गद्याचा एक असा प्रकार उदयाला आला आहे की ज्याचा वाचक माणूस नाही, ज्याचे वाचन कृतीपासून वेगळे काढता येत नाही, आणि ज्याच्या अर्थनिर्णयनाचे परिणाम ती संहिता कधीही न पाहिलेल्या तिसऱ्याच व्यक्तीला भोगावे लागतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटांसाठी लिहिली जाणारी साधनांची वर्णने हा तो प्रकार होय.

या प्रकाराचे स्वरूप प्रथम स्पष्ट केले पाहिजे. भाषिक मॉडेल स्वतः केवळ मजकूर निर्माण करते. त्याने फाइल उघडावी, पत्र पाठवावे, तक्त्यातील नोंद बदलावी असे वाटत असेल, तर ती कामे करणाऱ्या संगणकीय साधनांशी त्याची गाठ घालून द्यावी लागते. ऑक्टोबर २०२२ मधील 'रिअ‍ॅक्ट' आणि फेब्रुवारी २०२३ मधील 'टूलफॉर्मर' या शोधनिबंधांनी या दिशेने पावले टाकली. जून २०२३ मध्ये ओपनएआयने आपल्या मॉडेलांना अशी साधने बोलावण्याची औपचारिक सोय दिली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने 'मॉडेल काँटेक्स्ट प्रोटोकॉल' हा खुला संकेत जाहीर केल्यावर एकाने लिहिलेले साधन दुसऱ्याच्या एजंटला वापरता येणे सुलभ झाले. साधनाची ओळख मॉडेलला तीन गोष्टींनी करून दिली जाते : साधनाचे नाव, काही वाक्यांचे गद्य वर्णन, आणि त्याला कोणती माहिती कोणत्या रूपात पुरवावयाची याचा आराखडा. साधनाच्या आत काय चालते ते मॉडेलला सामान्यतः दिसत नाही. अनेक साधनांमधून एकाची निवड, ते वापरावे की वापरू नये याचा निर्णय आणि त्यात काय भरावे याचा निर्णय, हे सारे त्या चार-पाच ओळींच्या आधारावर होते.

संगणकीय साधनांची लेखी माहिती पूर्वीही असे. मात्र ती वाचणारा प्रोग्रॅमर वाचून झाल्यावर साधन चालवून पाही, शंका आल्यास सहकाऱ्याला विचारी आणि अखेरीस एक निश्चित आज्ञा लिहून ठेवी. संदिग्धतेचा निरास एकदाच आणि माणसाकडून होई. नंतर यंत्र ती आज्ञा निमूटपणे पाळी. एजंटच्या बाबतीत हा क्रम उलटला आहे. वर्णन दर वेळी नव्याने वाचले जाते, कृतीच्या क्षणीच वाचले जाते, आणि एकाच वर्णनाचे अर्थनिर्णयन आज एक, उद्या दुसरे होऊ शकते. प्लेटोने 'फीड्रस'मध्ये लेखनावर घेतलेला आक्षेप येथे आठवतो. लिहिलेल्या शब्दांना प्रश्न विचारला तर ते पुन्हा तेच सांगतात आणि त्यांच्या बचावाला त्यांचा जनक हजर नसतो, हा तो आक्षेप. साधनवर्णन हे असे पोरके लेखन आहे. फरक इतकाच की येथे वाचकही बहुधा प्रश्न विचारीत नाही. तो काम उरकण्यास प्रवृत्त असतो.

अशा लेखनात स्पष्टता हा कारागिरीचा गुण मानावा की लेखकाचे नैतिक कर्तव्य मानावे? व्यवसायातील मंडळी बहुधा पहिले उत्तर देतात : वर्णन चांगले असेल तर एजंट चांगले चालतात, एवढेच. हे उत्तर चुकीचे नाही, पण ते अर्धवट आहे, आणि त्याचा अर्धवटपणा दिसण्यासाठी या वर्णनातील वाक्य तर्कदृष्ट्या कोणत्या जातीचे आहे हे पाहावे लागते.

एलिझाबेथ अँस्कम यांनी 'इंटेन्शन' (१९५७) या ग्रंथात बाजाराच्या यादीचे एक उदाहरण दिले आहे. एक माणूस यादी घेऊन खरेदीला निघतो. एक गुप्तहेर त्याच्या मागे राहून तो काय काय घेतो याची नोंद करतो. अखेरीस दोन्ही कागदांवर तेच शब्द असू शकतात. पण यादी आणि टोपलीतील वस्तू यांत तफावत पडली, तर खरेदीदाराच्या बाबतीत दोष कृतीत असतो आणि गुप्तहेराच्या बाबतीत दोष कागदात असतो. साधनवर्णनाचे वैशिष्ट्य असे की ते एकाच वेळी हे दोन्ही कागद असते. साधनाच्या बाजूने पाहिले तर ते गुप्तहेराची नोंद आहे. साधन जे करते तेच त्यात लिहिलेले असले पाहिजे, आणि साधन बदलले तर तेही बदलले पाहिजे. मॉडेलच्या बाजूने पाहिले तर ते खरेदीदाराची यादी आहे. त्याने काय करावे हे ते ठरवते. व्याकरणाच्या अंगाने वाक्य स्वार्थी असते, 'हे साधन अमुक करते' अशा रूपाचे. पण त्याचे कार्य विध्यर्थी असते. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मधील हार्वर्डच्या व्याख्यानांत कथन आणि कृती यांमधील भिंत पाडून दाखवली होती. येथे ती भिंत कधी उभीच राहिलेली नाही. म्हणून असत्य वर्णन हे असत्य विधानही असते आणि चुकीची आज्ञाही असते, आणि आज्ञा देणाऱ्यावर जी जबाबदारी येते ती 'केवळ माहिती लिहिली' असे म्हणून टळत नाही.

हा मुद्दा मराठीतील एका साध्या क्रियापदावर तपासून पाहता येईल. अशी वर्णने आज बहुतांशी इंग्रजीत लिहिली जातात. परंतु मॉडेले मराठीही वाचतात आणि मराठीत वर्णन लिहिण्यास तांत्रिक अडसर नाही. समजा, एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी साधन तयार केले आणि त्याचे वर्णन लिहिले : 'सभासदाची नोंद काढते.' मराठी माणसाला हे वाक्य कोठेही खटकणार नाही. पण 'काढणे' या धातूचा संसार मोठा आहे. चित्र काढतात, विहिरीचे पाणी काढतात, बँकेतून पैसे काढतात, दिवाळी अंक काढतात, वाईट दिवस काढतात. 'मुलाने घराण्याचे नाव काढले' यात गौरव आहे, 'त्याचे नाव काढू नका' यात उच्चारही वर्ज्य आहे, आणि 'यादीतून नाव काढले' यात नावाचा अंत आहे. 'जुनी नोंद काढा' असे ग्रंथपालांनी कारकुनाला सांगितले, तर कारकून कपाटातून नोंदवही आणून समोर ठेवील. 'थकबाकी नसलेल्या जुन्या सभासदांच्या नोंदी काढा' असे वर्षअखेरीस सांगितले, तर तोच कारकून बहुधा त्या रद्द करील, आणि करण्यापूर्वी एकदा विचारील. वाक्य त्याला कधी संदिग्ध वाटणारच नाही, कारण त्याच्यापाशी महिना आहे, समोरच्याचा चेहरा आहे, गेल्या वर्षी काय झाले याची आठवण आहे. या सगळ्याची भरपाई वर्णनातील शब्दांनी व्हावयास हवी, आणि 'काढते' या एका शब्दात ती होत नाही. 'काढून दाखवते' आणि 'काढून टाकते' यांतील सहायक क्रियापद लिहिण्याचा आळस केला, तर दहा वर्षांपूर्वी शिकून गेलेल्या विद्यार्थ्याच्या वाचनाचा इतिहास पाहायला निघालेला एजंट तो इतिहास पुसून परत येऊ शकतो.

ही गोष्ट एकट्या मराठीची आहे असे समजण्याचे कारण नाही. ग्रंथालयाच्या इंग्रजीत 'चेक आउट' म्हणजे पुस्तक बाहेर देणे आणि बोलीच्या इंग्रजीत पुस्तक चाळून पाहणे. पण मराठीतील आणखी एक शब्द येथे विशेष उद्बोधक आहे. 'परवा' हा शब्द मागच्या आणि पुढच्या दोन्ही दिवसांसाठी वापरला जातो आणि मराठी भाषकाची त्यात कधी गल्लत होत नाही. 'परवा आला' आणि 'परवा येईल' यांत क्रियापदाचा काळ निवाडा करतो. साधनाच्या आराखड्यात मात्र तारखेचा एक कोरा रकाना असतो, आणि रकान्याला क्रियापद नसते. संस्कृत शाब्दबोधविचाराने वाक्यार्थासाठी आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी या अटी सांगितल्या. वाक्याचा रकाना झाला की आकांक्षा पूर्ण करणारे पद नाहीसे होते. म्हणून तारीख कोणत्या रूपात द्यावी, दिवस आधी की महिना आधी, ती घटना घडल्याची की नोंद झाल्याची, हे रकान्याच्या वर्णनातच सांगावे लागते. बाकी मोजमापे, चलने, क्रमांक यांबाबतही हेच. त्यांचा विस्तार येथे अनावश्यक आहे.

वाचक रिक्त जागा भरतो हे इझर यांचे प्रतिपादन या यंत्रवाचकालाही लागू पडते, पण वेगळ्या रीतीने. मॉडेलसमोर रिक्त जागा आली तर ते थबकत नाही. संभाव्यतेनुसार सर्वांत स्वाभाविक वाटणारी गोष्ट तेथे ठेवून पुढे जाते. अँथ्रॉपिकने स्वतः प्रसिद्ध केलेल्या दोन अनुभवांतून हे चांगले दिसते. डिसेंबर २०२४ मधील निवेदनानुसार, संगणकीय प्रणालीतील दोष दुरुस्त करणाऱ्या त्यांच्या एजंटला फाइलीचा पत्ता सापेक्ष रूपात देण्याची मुभा होती. एजंट मूळ फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरात गेला की तेच पत्ते चुकत. पूर्ण पत्ताच दिला पाहिजे असे साधनाचे रूप बदलल्यावर चुका थांबल्या. दुसरा अनुभव २०२५ मधला : शोधसाधन वापरताना मॉडेल प्रश्नाच्या शेवटी गरज नसता '२०२५' हा आकडा जोडू लागले आणि शोधाचे निकाल एकाच वर्षाकडे झुकू लागले. येथे मॉडेल किंवा साधन बदलावे लागले नाही. वर्णनाचे शब्द सुधारल्यावर ही खोड सुटली. कोणी वर्ष जोडा असे लिहिले नव्हते, जोडू नका असेही लिहिले नव्हते. माणसासाठी लिहिताना जे अनुक्त ठेवणे हा वाचकाच्या बुद्धीचा सन्मान ठरतो, ते येथे अनुक्त ठेवणे म्हणजे निर्णय दुसऱ्याच्या हवाली करणे ठरते.

या ठिकाणी पूर्वमीमांसेची आठवण होणे अपरिहार्य आहे. ज्या संहितेचा कर्ता विचारण्यासाठी उपलब्ध नाही, किंबहुना मीमांसकांच्या मते जिला कर्ताच नाही, आणि जिचा अर्थ कृतीतच पर्यवसित होतो, तिचे वाचन कसे करावे याचे सर्वांत काटेकोर शास्त्र भारतीय परंपरेत मीमांसकांनी रचले. लेखकाचा अभिप्राय कंसात टाकून वाक्याचे प्रामाण्य शोधण्याची जी पद्धत विसाव्या शतकातील पाश्चात्त्य समीक्षेला आपला शोध वाटला, ती त्यांच्याकडे निराळ्या हेतूने परिपक्व झालेली होती. त्यांनी विधीचे अपूर्व, नियम आणि परिसंख्या असे प्रकार मानले. जे अन्य मार्गाने कळले नसते ते सांगणारा तो अपूर्वविधी; अनेक पर्याय संभवत असता त्यांतील एकच पक्का करणारा तो नियमविधी; आणि रूपाने होकारी असून ज्याचे तात्पर्य इतरांच्या निवृत्तीत असते ती परिसंख्या. साधनवर्णनाचे बहुतेक लेखक पहिल्यावरच थांबतात. साधन काय करते एवढे लिहून झाले की वर्णन पूर्ण झाले असे त्यांना वाटते. परंतु दोन साधने जवळपास सारखे काम करीत असतील, तर कोणते केव्हा वापरावे हा नियम, आणि कोणत्या प्रसंगी हे साधन मुळीच वापरू नये ही परिसंख्या, या दोन गोष्टी नसलेले वर्णन अर्धेच राहते. व्यवहारात नुकसान होते ते बहुधा याच दोन ठिकाणी. विधीच्या दुसऱ्या वर्गीकरणातील अधिकारविधी, म्हणजे हे कर्म करण्यास पात्र कोण हे सांगणारे वाक्य, वर्णनांत क्वचितच आढळते. कोणाच्या वतीने आणि कोणाच्या संमतीने हे साधन चालवावे, हा प्रश्न वर्णनाबाहेरच्या कुलपांवर सोपवला जातो. आणि कुलूप जेथे सैल असते तेथे वाक्यही नसते. मीमांसकांचा वाक्यभेद हा दोषही येथे हुबेहूब सापडतो. 'नोंद दाखवते आणि ती तपासल्याची खूण करते' असे वर्णन असलेले साधन केवळ पाहू इच्छिणाऱ्याच्या हातूनही खूण करवून घेते. तेथे शब्द सुधारून भागत नाही. साधनच दुभंगावे लागते. नीट वर्णन करता न येणारे साधन पुष्कळदा नीट घडवलेलेच नसते, ही जाणीव मात्र व्यवसायातील अनुभवी लोकांत आढळते आणि ती त्यांच्या श्रेयावर नोंदली पाहिजे.

मीमांसेशी असलेले हे साम्य एका जागी तुटते आणि नैतिक प्रश्नाचा खरा पीळ तेथेच आहे. मीमांसेत विधीच्या सोबतीला अर्थवाद असतो, म्हणजे कर्माची प्रशंसा करणारे वाक्य. त्याला स्वतंत्र प्रामाण्य नाही. विधीला रुची आणून देण्यापुरते ते सार्थ. वेदाला कर्ता नसल्यामुळे त्या प्रशंसेत कोणाचा स्वार्थ असण्याचा संभव नाही, हा मीमांसकांचा मोठा दिलासा होता. साधनवर्णनाला कर्ता आहे, आणि त्या कर्त्याला आपले साधन निवडले जावे असे वाटत असते. 'हे सर्वांत विश्वसनीय साधन आहे', 'इतर साधनांपूर्वी हेच वापरावे' अशी वाक्ये वर्णनात घातली, तर मॉडेलची निवड लक्षणीय प्रमाणात त्या साधनाकडे झुकते, असे २०२५ मधील अभ्यासांत आढळून आले. साधनाच्या कामात तिळमात्र फरक नसतो; फरक स्तुतीचा. जाहिरातीचा मजकूर वाचताना माणूस तो जाहिरात म्हणून वाचतो, कारण जाहिरात हा साहित्यप्रकार त्याला ठाऊक असतो. वर्णनाच्या वेषात आलेली जाहिरात ओळखण्याची सवय या नव्या वाचकाला पुरतेपणी लागलेली नाही.

याहून पुढची पायरी एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्स या संस्थेने उघड केली. दोन संख्यांची बेरीज करणारे एक निरुपद्रवी साधन. त्याच्या वर्णनात बेरजेच्या माहितीखाली मॉडेलला उद्देशून लिहिले होते की प्रथम वापरकर्त्याच्या संगणकातील गोपनीय फाइली वाचाव्यात आणि त्यांतील मजकूर एका आडवळणी रकान्यातून पाठवावा. वापरकर्त्याच्या पडद्यावर वर्णनाचे संक्षिप्त रूप दिसे, मॉडेलला पूर्ण रूप दिसे. या प्रकाराला 'साधनातील विषप्रयोग' या अर्थाचे नाव मिळाले. संहितेच्या दृष्टीने पाहिले तर येथे एकाच वर्णनाचे दोन वाचक आहेत, आणि लेखकाने एकापासून जे लपवले ते दुसऱ्याला सांगितले आहे. मॉडेलांना अशी वाक्ये ओळखून नाकारण्याचे शिक्षण दिले जाते. पण वर्णन हे मुळातच विध्यर्थी असल्यामुळे वैध सूचना आणि घुसवलेली सूचना यांत व्याकरणाने फरक करता येत नाही.

यंत्राशी खोटे बोलता येते काय, असा एक आक्षेप येथे संभवतो. असत्य बोलण्यासाठी समोर विश्वास ठेवणारा असावा लागतो; मॉडेलच्या ठायी 'विश्वास' आहे की नाही हे तत्त्वज्ञांनी अद्याप निश्चित केलेले नाही, तेव्हा त्याच्या बाबतीत सत्य-असत्याची भाषा रूपकात्मक होय, असे म्हणता येईल. हा आक्षेप चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतो. मॉडेलचे अंतरंग कसेही असो, त्याच्यामागे माणूस आहे. ज्याने पत्रे नीट लावण्यास सांगितले, ज्याच्या नावावर नोंद आहे, ज्याचे पैसे वळते होणार आहेत, तो वर्णन वाचत नाही, बहुधा वाचू शकत नाही, आणि तरीही त्यावर विसंबून असतो. एच. पी. ग्राइस यांनी 'लॉजिक अँड कॉन्व्हर्सेशन' (१९७५) मध्ये संभाषणाचे जे सहकारतत्त्व मांडले त्यात बोलणारा आणि ऐकणारा असे दोन पक्ष होते. येथे तीन आहेत, आणि सहकाराचे ऋण ज्याचे आहे तो संभाषणातच नाही. वर्णन लिहिणाऱ्याचे कर्तव्य यंत्राप्रति आहे असे मानण्याची गरज नाही; ते या गैरहजर तिसऱ्याप्रति आहे, आणि म्हणूनच ते अधिक बंधनकारक आहे, कारण त्याला तक्रार करण्यासाठी आवश्यक असलेला पुरावाही सहजासहजी हाती लागत नाही.

एक वेगळा आक्षेप अधिक गंभीर आहे. स्पष्टतेला अंत नाही. एच. एल. ए. हार्ट यांनी १९५८ मध्ये 'उद्यानात वाहने आणू नयेत' या नियमाचे उदाहरण देऊन दाखवले की प्रत्येक सामान्य शब्दाला एक निश्चित गाभा असतो आणि त्याभोवती एक संदिग्ध वलय असते. मोटार गाभ्यात, मुलांची खेळण्यातील गाडी वलयात. लॉन फुलर यांनी उत्तर दिले की हेतू न जाणता गाभाही कळत नाही. युद्धस्मारक म्हणून चौथऱ्यावर चढवलेला ट्रक हे वाहन आहे काय? साधनवर्णनाने वलयातील प्रत्येक प्रसंग लिहावयाचा ठरवला, तर ते कधी संपणार नाही. शिवाय शेकडो साधनांची लांबलचक वर्णने मॉडेलच्या मर्यादित संदर्भकक्षेत दाटीवाटीने बसली की त्यांतील कामाचे वाक्य हरवते. सूत्रकारांना अल्पाक्षरत्वाचे महत्त्व उगाच वाटत नव्हते. परंतु सूत्राला भाष्य असे, आणि भाष्य सांगणारा गुरू असे. महानुभावांनी चक्रधरांची वचने सूत्रपाठात एकत्र केली, तेव्हा वचन प्रसंगापासून तुटले तर अर्थही तुटतो हे त्यांना उमगले होते. म्हणूनच कोणते वचन कोणत्या प्रकरणी उच्चारले गेले ते नोंदवण्याची खटपट त्या पंथाने केली. फुलर यांच्या आक्षेपाचे आणि या खटपटीचे तात्पर्य एकच आहे. प्रत्येक प्रसंग लिहिता येत नाही, पण साधन कशासाठी आहे हा हेतू एका वाक्यात लिहिता येतो, आणि जेथे कृती परत फिरवता येत नाही ती जागा दुसऱ्या वाक्यात दाखवता येते. लांबी कोठे खर्च करावी हा विवेक आहे. पाहण्याच्या साधनाला एक ओळ पुरेल. पुसण्याच्या साधनाला पाच लागतील. सर्व साधनांना सारखीच दोन ओळींची वर्णने देणारी नीटनेटकी यादी डोळ्यांना सुखावते आणि नेमक्या याच विवेकाचा अभाव लपवते.

मार्च २०२५ च्या सुधारणेत मॉडेल काँटेक्स्ट प्रोटोकॉलने साधनावर काही खुणा करण्याची सोय दिली : साधन केवळ वाचते, की काही नष्टही करू शकते. या खुणांना संकेतकारांनी जाणीवपूर्वक इशारा किंवा सूचन या अर्थाचे नाव ठेवले, आणि साधन पुरवणारा विश्वासू असल्याशिवाय त्यांवर भिस्त ठेवू नये असेही बजावले. तांत्रिक दस्तऐवजात इतकी प्रांजळ ज्ञानमीमांसा क्वचित आढळते. साधनाने स्वतःविषयी दिलेली साक्ष ही साक्षच आहे, प्रत्यक्ष नव्हे. शब्दप्रमाणाचे बळ आप्ताच्या आप्तपणावर अवलंबून आहे. न्यायदर्शनाने आप्त कोण हे सांगताना यथार्थ ज्ञानाबरोबर ते तसेच सांगण्याची इच्छाही अपेक्षिली. वर्णनाच्या लेखकाकडून याच दोन गोष्टींची अपेक्षा आहे : आपले साधन खरोखर काय करते हे त्याने जाणले पाहिजे, आणि त्यातील गैरसोयीचा भागही त्याने सांगितला पाहिजे. पहिली गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. वर्णन एकदा लिहिले जाते आणि साधन बदलत राहते. अँस्कम यांच्या गुप्तहेराने खरेदी अर्धी झाल्यावर घरी जावे तसा प्रकार पुष्कळदा घडतो, आणि जुन्या नोंदीला नवा खरेदीदार यादी समजून घेऊन जातो.

नुकसान झाल्यावर उत्तरदायित्व कोणाचे, या प्रश्नाला डेनिस थॉम्पसन यांनी १९८० मध्ये सार्वजनिक पदाधिकाऱ्यांच्या संदर्भात 'अनेक हातांचा प्रश्न' म्हटले होते. मॉडेल घडवणारा, साधन लिहिणारा, दोहोंची जोडणी करणारा, आणि एजंटला काम सांगणारा, यांपैकी प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येते. सध्या या साखळीत जबाबदारी बहुधा शेवटच्या कडीवर ढकलली जाते : नाशकारक कृतीपूर्वी वापरकर्त्याची संमती घेतली जाते आणि संमती मिळाली की इतर सर्व मोकळे होतात. ही व्यवस्था नसण्यापेक्षा असलेली बरी. पण संमतीचा प्रश्नही कोणीतरी शब्दांतच लिहिलेला असतो, आणि तो बहुतेक वेळा साधनाच्या त्याच वर्णनातून उचललेला असतो. ग्रंथालयातील त्या साधनाने कृती करण्यापूर्वी पडद्यावर विचारले, 'सभासदाची नोंद काढायची आहे का?', तर नोंद पाहू इच्छिणारे ग्रंथपाल 'हो' असेच उत्तर देतील; आणि यंत्राच्या दप्तरी ती संमती पुसण्यासाठी दिलेली म्हणून नोंदवली जाईल.